गाव म्हणजे नेमकं कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शाळेची भिंत पडली, ओढ्याला बांध घालायचा ठरला, कुणाच्या घराला आग लागली, की कुणीतरी ही म्हण म्हणतोच. म्हण खोटी नाही. गावानं मनावर घेतलं तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ग्रामसेवक म्हणून एकतीस वर्षं नोकरी केल्यावर (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) या म्हणीबद्दल एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. तिच्यातलं ‘गाव’ म्हणजे नेमकं कोण?

कायद्याला विचारलं तर उत्तर सोपं आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. पंचायतीच्या हद्दीतल्या मतदारयादीत ज्यांची नावं आहेत, ती सगळी माणसं म्हणजे ग्रामसभा. त्यात बागायतदार आला, शेतमजूर आला, सरपंच आला आणि सरपंचाला पाडण्यासाठी रात्रीचा दिवस केलेलाही आला. यादीत नाव असलं की झालं. पण पारावर, चावडीपुढं, दूध डेअरीच्या ओट्यावर ‘गावानं ठरवलंय’ असं कानावर येतं, तेव्हा ठरवणारी माणसं बहुधा पाच-पंचवीस असतात. ती कुठल्या ना कुठल्या मंडळाची, समितीची किंवा गटाची असतात. आज मला या मंडळांविषयी आणि त्यांच्या वजनाविषयी बोलायचं आहे.

आधीच सांगतो, मंडळांशी माझं वैर नाही. ग्रामपंचायत म्हणजे सात ते सतरा सदस्य, एक ग्रामसेवक (त्याच्या गळ्यात कधी कधी दोन-दोन गावं), एखादा शिपाई आणि पाणी सोडणारा एक माणूस. एवढ्यांच्या जिवावर गाव चालत नाही. रक्तदान शिबिर तरुण मंडळ भरवतं. यात्रेत चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून यात्रा कमिटीची पोरं रात्रभर उभी राहतात. पिठाच्या गिरणीपासून शाळेच्या खिचडीपर्यंत बचत गटाच्या बायकांचा हात असतो. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उतरली ती भजनी मंडळं, तरुण मंडळं आणि शाळेची मुलं. ज्या गावात मंडळं मरगळलेली होती, तिथं अभियान फायलीतच राहिलं.

मग अडचण कुठं सुरू होते? मला वाटतं, ती साध्या अंकगणितात आहे.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा कायदेशीर ठरायला लागणारी हजेरी, किती? एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल ती. आता बावीसशे मतदारांचं गाव धरा. पंधरा टक्के म्हणजे तीनशे तीस. पण शंभर कमी, म्हणून शंभर माणसं आली की सभा भरली. या शंभरांत साठ पोरं एकाच मंडळाची असली, एका रंगाचे टी-शर्ट घालून पुढच्या सतरंजीवर बसली, की उरलेल्या एकवीसशे चाळीसांचा त्या दिवशीचा निकाल लागलेलाच असतो. कुणी दमदाटी केली नाही, कुणी पैसे वाटले नाहीत. ती आली, बाकीचे आले नाहीत, एवढंच. आणि शंभरही जमले नाहीत, तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ही पळवाट ज्यांना ठाऊक आहे, ते पहिल्या सभेकडं फिरकतच नाहीत. दुसऱ्या सभेला वीस जण येतात, चहा होतो, ठराव होतो.

संघटित माणसाचं वजन हजेरीवर ठरतं. गावात माणसं जितकी कमी जमतील, तितकं ते वाढतं. बिगरसंघटित माणूस मात्र त्या वेळी कुठं असतो? रोजगार हमीवर, ऊसतोडीला, दुसऱ्याच्या रानात, नाहीतर चुलीपुढं. त्याला मत असतं, मंडळ नसतं.

एक प्रसंग सांगतो, गावाचं नाव सांगत नाही. २००३ चा उन्हाळा. सोलापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं. माझी बदली त्या गावी एप्रिलमध्ये झाली, तेव्हा टँकर सुरू होऊन दीड महिना झाला होता. मी पाहिलं तर कारभार चोख. टँकर आला की तरुण मंडळाची दहा-बारा पोरं हजर. टिपाडं, बॅरल, घागरी ओळीनं लावलेल्या. हातात पाळीच्या चिठ्ठ्या. आरडाओरडा नाही, भांडण नाही. शेजारच्या गावात टँकरवर डोकी फुटली होती. इथं म्हातारीकोतारीलासुद्धा पोरं घागर उचलून देत होती. मला बरं वाटलं. मंडळाच्या अध्यक्षाचं मी कौतुकही केलं, आणि ते योग्यच होतं.

मे महिन्यात ग्रामसभा झाली. टंचाईचा विषय निघाला तेव्हा मागच्या बाजूला, दाराजवळ उभी असलेली एक बाई बोलायला लागली. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. वय साठीच्या आसपास. पुढं यायला तयार नव्हती, तिथूनच म्हणाली, “भाऊसाहेब, आमच्या वस्तीला चिठ्ठ्या का न्हाईत?” मंडळाचा एक पोरगा म्हणाला, “मावशी, यादीत नाव असंल तर चिठ्ठी मिळतीच की.” त्यावर ती म्हणाली, “आमच्याकडं कुणी पावती फाडायला आलंच न्हाई, मग आमचं नाव यादीत कुठनं यावं?”

सभा गप्प झाली. तिच्या बोलण्याचा अर्थ मला लगेच कळला नाही. पोरांना कळला होता. टँकर सुरू झाला तेव्हा चिठ्ठ्या करायला घरांची यादी हवी होती. पंचायतीकडून यादी मिळवायची तर अर्ज, शिक्का, दोन हेलपाटे. मंडळाकडं एक यादी तयारच होती, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकाची. घर कुणाचं, कर्ता कोण, सगळं लिहिलेलं. त्यावरून त्यांनी चिठ्ठ्या केल्या. ओढ्यापलीकडच्या चौतीस घरांकडं मंडळ कधी वर्गणी मागायला जात नव्हतं. कारण विचारलं, तर एक पोरगा म्हणाला, “गरीब माणसं हायती, त्यांच्याकडनं काय घ्यायचं.” दुसरा काही बोलला नाही. दोन्ही कारणं खरी असावीत. पहिलं दयेचं होतं, दुसरं आपल्या गावांत जे फार जुनं आहे त्याचं. दोहोंचा परिणाम एकच. दीड-दोन महिने त्या बायका, रांग संपल्यावर विहिरीच्या तळाशी जे उरेल ते पोहऱ्यानं उपसून नेत होत्या.

मंडळी, मला हा प्रसंग एवढ्यासाठी महत्त्वाचा वाटतो, की त्यात खलनायक नाही. पोरं प्रामाणिक होती. त्यांनी एक थेंब विकला नाही. पण सरकारी पाणी, सरकारी पैशानं आलेला टँकर, तो वाटला गेला एका मंडळाच्या पावतीपुस्तकावरून. पावतीपुस्तक ही मंडळाची खासगी वही. तिच्यात कुणाचं नाव घालायचं, हा मंडळाचा अधिकार. पाण्याच्या यादीत कुणाचं नाव असावं, हा त्यांचा अधिकार नव्हे. दोन वह्यांची अदलाबदल झाली आणि वस्तीतल्यांखेरीज कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी सभा दोन तास चालली. एका ज्येष्ठ सदस्याचं म्हणणं, मंडळाला बाजूला करा, पंचायतीनं माणूस नेमावा. मी विचारलं, माणूस कुठून आणायचा आणि त्याला पगार कशातून द्यायचा? शिवाय उद्या रांगेत भांडणं झाली तर? मंडळाचा अध्यक्षही तापला होता. “राबायचं आम्ही आणि वर बोलून घ्यायचं आम्हीच?” त्याचंही खोटं नव्हतं. उन्हात उभं राहून त्याच्या पोरांची कातडी करपली होती.

शेवटी जे ठरलं ते असं. रांग मंडळच लावील. चिठ्ठ्याही मंडळच वाटील. पण यादी पंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीवरून आणि मतदारयादीवरून होईल, आणि ती चावडीच्या भिंतीवर लावली जाईल. टँकरच्या प्रत्येक खेपेच्या नोंदीखाली दोन बायकांच्या सह्या किंवा अंगठे घ्यायचे, त्यातली एक ओढ्यापलीकडची. आणि मंडळाचं काम पंचायतीच्या ठरावात नावानिशी नोंदवायचं. या शेवटच्या कलमावर अध्यक्ष खूश झाला. लोकांना वाटतं, मंडळांना सत्ता हवी असते. पुष्कळदा त्यांना फक्त आपलं काम कुठंतरी लिहिलं जावं असं वाटत असतं, आणि ठरावाच्या दोन ओळींत ते भागतं.

जून सरला, पाऊस आला, टँकर बंद झाला. पुढं त्या गावात फार मोठी क्रांती झाली असं मी सांगणार नाही. गणपतीची वर्गणी मात्र त्या वर्षी ओढ्यापलीकडंही मागितली गेली. ती बाई म्हणे अकरा रुपये देऊन वर पावती मागून घेत होती.

गावातल्या बलिष्ठांच्या या वजनाची काळजी आपल्या घटनाकारांनाही होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभेपुढं मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांच्या गोडव्यांवर कडक शब्दांत टीका केली होती, आणि मसुद्यानं गाव सोडून व्यक्ती हा घटक मानला याचं समाधान व्यक्त केलं होतं. पुढं चर्चेनंतर ग्रामपंचायतींविषयीचं ४०वं कलम मार्गदर्शक तत्त्वांत आलं. पुष्कळांना वाटतं, यात एक बाजू जिंकली आणि दुसरी हरली. मला तसं वाटत नाही. आजची ग्रामसभा ही गावाची आहे, पण तिथं बसायचा हक्क माणसाला एकेकटा मिळतो. भावकीला, वाड्याला किंवा मंडळाला तो मिळत नाही. म्हणजे बाबासाहेबांची व्यक्ती त्या सतरंजीवर बसलेली आहेच. तिला बोलता येतं का, हा पुढचा प्रश्न.

ती बोलायच्या आधीच गावानं ठरवून टाकलं तर काय होतं, त्याचा नमुना फार जुना नाही. २०२१ च्या जानेवारीत आपल्याकडं हजारो ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्या वेळी नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, या दोन गावांतल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं रद्द केल्या. कारण पदांचा लिलाव. उमराण्यात बोली दोन कोटींवर गेल्याच्या बातम्या होत्या, आणि पैसा मंदिराच्या कामासाठी होता. अनेकांनी तेव्हा विचारलं, यात वाईट काय? भांडणं टळली, निवडणुकीचा खर्च वाचला, देवाचं काम झालं. पैसे कुणाच्या खिशात जाणार नव्हते, हे मान्य. पण ज्याच्याकडं बोली लावायला पैसे नाहीत, त्याला उमेदवार होता येणार नव्हतं, आणि ज्याला त्या बोलीत पसंत असलेला माणूस दिसत नव्हता, त्याच्या हातातलं मत काढून घेतलं जाणार होतं. बिनविरोध निवडणूक हा शब्द आपल्याकडं फार कौतुकानं वापरतात. विरोध नसणं वेगळं आणि विरोधाला जागाच नसणं वेगळं.

हा प्रश्न काही महाराष्ट्रापुरता नाही. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात किळक्कंबलम नावाची पंचायत आहे. तिथं एका मोठ्या कापड उद्योगाच्या पाठबळानं ‘ट्वेंटी-ट्वेंटी’ नावाची नागरी संघटना उभी राहिली. रस्ते, घरं, स्वस्त वाणसामान अशी कामं तिनं हाती घेतली. आणि २०१५ च्या निवडणुकीत एकोणीसपैकी सतरा जागा जिंकून पंचायतच ताब्यात घेतली. २०२० मध्ये आजूबाजूच्या आणखी तीन पंचायती तिच्याकडं आल्या. लोकांनी मतं दिली, आणि पक्षांच्या कारभाराला ती कंटाळलेली होती, हे उघड आहे. त्यामुळं नाक मुरडायचं कारण नाही. पण ज्या उद्योगाला परवाना द्यायचा, ज्याच्या सांडपाण्यावर लक्ष ठेवायचं, त्याच्याच पाठबळावर निवडून आलेली पंचायत हे काम कशी करणार, हा प्रश्न तिथं विचारला गेला आणि तो रास्त होता. संस्था पंचायतीला प्रश्न विचारते तोवर ठीक असतं. तीच पंचायत झाली, तर तिला प्रश्न विचारायला दुसरं कुणीतरी गावात उरायला हवं.

आपल्या कोकणात याचंच एक मवाळ रूप दिसतं. माझी सासुरवाडी तिकडची, म्हणून थोडं बोलायचं धाडस करतो. कोकणातल्या किती तरी गावांची मुंबईत मंडळं आहेत. गिरणगावात एकेका खोलीत एकेका गावची माणसं राहायची, तिथून ती सुरू झाली. गिरण्या गेल्या, मंडळं राहिली. गावच्या शाळेला बाकं, देवळाला लाद्या, पाण्याच्या टाकीला पैसे, हे सगळं मुंबईकर पाठवत आले. त्यांचं गावावरचं प्रेम वादातीत आहे. पण रविवारी परळला नाहीतर दादरला बैठक होते, तिथं ‘गावची’ टाकी कुठल्या वाडीत बांधायची ते ठरतं आणि गावात राहणाऱ्यांना ते गणपतीत कळतं. माझे एक मेहुणे या मंडळाचे खजिनदार. मी एकदा म्हटलं, “दाजी, तुमचं नाव गावच्या मतदारयादीत नाही, ग्रामसभेत तुम्हाला मत नाही.” ते हसून म्हणाले, “मत नाही, पण चेकबुक आहे ना.” चेष्टेत बोलले, पण परिस्थिती अगदी अचूक सांगितली. पुढं त्या गावानं एक चांगला मार्ग काढला. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मुंबई मंडळाचे दोन प्रतिनिधी बोलावतात. ते बोलतात, हिशेब सांगतात, सूचना करतात. हात वर करायची वेळ आली, की बाजूच्या खुर्च्यांवर जाऊन बसतात. टाकी शेवटी त्या वाडीत झाली नाही, दुसरीकडं झाली. पैसे मात्र मुंबईकरांनी दिलेच.

सल्ला आणि निर्णय यांची अशी फारकत सगळ्यात नीटपणे केली ती गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या छोट्या गावानं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं ते देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. पण मला त्या गावातली दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिथं अभ्यास गट असायचा. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं तिथं जात राहिले, देवाजी तोफांसारखी गावातली माणसं बसायची, कायद्याचा एकेक कागद समजून घ्यायची. पण अभ्यास गट ठरवत काही नसे. तो माहिती गोळा करी, शंका काढी. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वांच्या सहमतीनं. बाहेरून आलेल्या शहाण्या माणसाला आपलं शहाणपण दाराबाहेर ठेवायला सांगणं सोपं नसतं. त्यांनी ते भांडण न करता जमवलं.

अर्थात सर्वसहमती सगळीकडं चालेल, असं मला वाटत नाही. पाचशे वस्तीच्या, बहुतेक एकाच समाजाच्या गावात ती जमते. सहा-सात हजार वस्तीच्या, पाच जातींच्या आणि तीन पक्षांच्या गावात ‘सगळ्यांची संमती आहे ना?’ असं माइकवरून विचारलं, की जी शांतता पसरते तिला संमती म्हणायला माझं मन धजत नाही. अशा ठिकाणी मतदान बरं, आणि विषय नाजूक असेल तर गुप्त मतदान त्याहून बरं.

दारूबंदीचं उदाहरण घ्या. गावातलं दारूचं दुकान बंद करा म्हणून बायका मोर्चा काढतात, घोषणा देतात, दुकानापुढं बसतात. हा दबाव हवाच. त्याशिवाय तालुक्याचा साहेब जागचा हलत नाही. पण मोर्च्यावर दुकान बंद होत नाही. आधी एकूण महिला मतदारांपैकी एक चतुर्थांश जणींनी मागणी करावी लागते. मग गुप्त मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. आणि आडव्या बाटलीला यादीतल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. आलेल्यांपैकी निम्मी पुरत नाहीत. बायकांना ही अट जाचक वाटते. काही गावांत ती थोडक्यात हुकते आणि रडारड होते, ती मी पाहिली आहे. तरी मला ती अट पटते. कारण ज्या गावात बाटली आडवी झाली, तिथं ‘चार बायांनी गोंधळ घातला’ असं म्हणायला दुकानदाराला तोंड उरलं नाही. शिवाय पडद्याआड शिक्का मारताना नवरा, सासू, गटाची अध्यक्ष यांपैकी कुणीच जवळ नसतं.

गटाची अध्यक्ष, हे मी मुद्दाम म्हटलं. बचत गटांविषयी बोलताना आपण सगळेच जरा भाबडे होतो. ‘उमेद’ अभियान २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून गटांचे ग्रामसंघ झाले आणि गावाच्या विकास आराखड्यात त्यांचा शब्द चालू लागला. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायला लागला, तेव्हा या शब्दाला किंमतही आली. हे चांगलं झालं. पण गटात कोण असतं? जिला दर महिन्याला बचतीचे पैसे भरता येतात ती. जी ऊसतोडीला सहा महिने कोपीत राहते, तिचा हप्ता चुकतो, तिचं नाव गळतं. म्हणजे सगळ्यात गरीब बाई बायकांच्या गटातही नसते. म्हणून ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची जी तरतूद आहे, ती ग्रामसंघाच्या बैठकीवर भागवता कामा नये. पुष्कळ ठिकाणी तसंच भागवलं जातं. एकच इतिवृत्त, वर फक्त मथळा बदलायचा.

तंटामुक्त गाव मोहिमेचंही थोडं असंच झालं. २००७ च्या १५ ऑगस्टला ती सुरू झाली, हेतू उत्तम होता आणि हजारो बांधांची भांडणं तिनं कोर्टाबाहेर मिटवली. पण काही गावांत समितीचा अध्यक्ष म्हणजे दुसरा सरपंच होऊन बसला. कुणाचं लग्न लावायचं आणि कुणाचं मोडायचं, इथपर्यंत मजल गेली. यावर फार बोलत नाही, श्रोत्यांपैकी अनेकांनी ते जवळून पाहिलं असेल.

मला विचाराल तर मंडळांना आवरायला नवा कायदा नको. आहेत त्याच गोष्टी जरा नेटानं करायला हव्यात. मंडळाचा अध्यक्षच पंचायतीचा सदस्य असेल आणि मंडळाच्या व्यायामशाळेला जागा द्यायचा विषय असेल, तर त्यानं उठून ‘मी या मंडळाचा आहे’ असं म्हणावं, ते इतिवृत्तात लिहावं आणि मत देऊ नये. पंचायतीच्या कामात आर्थिक हितसंबंध असलेल्या सदस्याचं पद जाऊ शकतं, एवढं कायद्यात आहेच. मंडळाचा हितसंबंध पैशाचा नसतो म्हणून तो सुटतो. समित्यांवर मंडळांची माणसं जरूर घ्यावीत, पण तीच ती नावं पाच-पाच समित्यांवर असू नयेत. एका गावात पाणी समिती, वन समिती, शाळा समिती आणि यात्रा कमिटी, चारही ठिकाणी एकच गृहस्थ होते. सज्जन माणूस. पण त्यांच्या घरी लग्न निघालं, की गावाचा कारभार पंधरा दिवस बंद.

आणि नोटीस. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी फलकावर लागते, हल्ली व्हॉट्सअॅपवरही पडते. तो ग्रुप बहुतेक मंडळाच्याच पोरांनी चालवलेला असतो. ज्यांच्याकडं साधा फोन आहे, त्यांना दवंडीच कळते, आणि दवंडी आता कुणी देत नाही. कोतवालाला वस्तीवर पाठवून विषयपत्रिका मोठ्यानं वाचायला लावली, तर किती फरक पडतो ते मी दोन गावांत अनुभवलं. हजेरी दुप्पट नाही झाली. पण नवे चेहरे आले.

सभेच्या वेळेचंही तसंच. माझ्या शेवटच्या गावात सभा सकाळी अकराला भरायची. अकरा वाजता मोकळी माणसं कोण? पेन्शनर, दुकानदार आणि मंडळाची पोरं. महिला सभेत हा विषय निघाला, तेव्हा मी सुचवलं, रात्री नऊला घेऊ. बायका म्हणाल्या, नऊला नको, तोवर पोरं झोपतात आणि पुरुष जागेवर नसतात. मग संध्याकाळी सात ठरली. पहिल्या सभेला वीज गेली, कंदिलावर ठराव लिहिले. एकशे चाळीस माणसं होती, त्यातली साठ-पासष्ट मी त्या चावडीत आधी कधी पाहिलेली नव्हती. व्यायामशाळेचा विषय त्या दिवशी चौथा होता. त्यावर तीन बायका आणि एक मेंढपाळ बोलले, आणि जागा अर्धी करून उरलेली जनावरांच्या हौदासाठी ठेवली गेली.